पाण्यात उतरण्यापूर्वी: गावच्या मंडळीसाठी विश्वासणाऱ्याच्या बाप्तिस्म्याचे मार्गदर्शन

विदर्भाच्या खेड्यांतील ख्रिस्ती मंडळ्या बहुतेक लहान असतात. एका गावात चार घरे, दुसऱ्यात दोन, आणि या सगळ्यांना मिळून एकच पाळक, तोही तालुक्याच्या गावाहून मोटारसायकलने येणारा. अशा ठिकाणी कोणी बाप्तिस्मा मागितला की तयारीचा बराचसा भार गावातल्या वडिलांवर, म्हणजे मंडळीचे काम पाहणाऱ्या ज्येष्ठांवर, आणि सेवकांवर येतो. कोणते शिक्षण द्यायचे, घरच्यांना केव्हा सांगायचे, पाणी कुठे पाहायचे आणि पाण्यात माणसाला धरायचे कसे, हे सारे त्यांनाच ठरवावे लागते. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि स्वतः बाप्तिस्मा घेऊ इच्छिणाऱ्यांसाठीही आहे. त्यात सांगितलेली प्रत्येक गोष्ट एकाच कसोटीवर तपासलेली आहे: बाप्तिस्मा घेणाऱ्याने दिलेली कबुली खरोखर त्याची स्वतःची राहते की नाही. जी व्यवस्था या कबुलीला बळ देते ती ठेवावी, आणि जी तिच्यावर दडपण आणते ती कितीही जुनी किंवा सोयीची असली तरी सोडून द्यावी.

बाप्तिस्म्याचा अर्थ

येशूने आपल्या शिष्यांना सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करण्याची, त्यांना पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देण्याची आणि आपण आज्ञापिलेले सर्व काही पाळायला शिकवण्याची आज्ञा दिली, असे मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी सांगितले आहे. बाप्तिस्म्याचा आधार ही आज्ञा आहे. त्याचा अर्थ सर्वांत स्पष्टपणे रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात येतो. तेथे पौल लिहितो की बाप्तिस्मा घेणारा ख्रिस्ताच्या मरणात सहभागी होतो, त्याच्याबरोबर पुरला जातो आणि नव्या जीवनात चालण्यासाठी त्याच्याबरोबर उठतो. पाण्याखाली जाणे म्हणजे पुरले जाणे आणि वर येणे म्हणजे उठणे. बुडवून बाप्तिस्मा देणाऱ्या मंडळ्या या चित्राला धरून असतात.

आपल्याकडे नदीत स्नान करण्याला मोठा धार्मिक अर्थ आहे. वर्धा नदीवर कौंडण्यपूरला किंवा एखाद्या संगमावर पर्वणीला गर्दी होते, आणि त्या वातावरणात वाढलेल्या माणसाला बाप्तिस्माही पाप धुऊन काढणारे स्नान वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून पहिल्याच भेटीत नम्रपणे पण स्पष्ट सांगावे की पाण्यात शक्ती नसते आणि कोणत्याही नदीचे पाणी दुसरीपेक्षा अधिक पवित्र नसते. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात बाप्तिस्मा म्हणजे शरीराचा मळ काढणे नव्हे, असे सांगून त्याचा संबंध देवाविषयीच्या चांगल्या विवेकभावाशी आणि येशूच्या पुनरुत्थानाशी जोडलेला आहे. विश्वासणाऱ्यांचा बाप्तिस्मा मानणाऱ्या बहुतेक मंडळ्यांची शिकवण अशी आहे की तारण विश्वासाने मिळते आणि बाप्तिस्मा ही त्या विश्वासाची आज्ञापालनातून, चारचौघांसमोर दिलेली साक्ष असते. वधस्तंभावरील चोराला बाप्तिस्म्याविना आश्वासन मिळाले, हे या ठिकाणी नेहमी सांगितले जाते. परंतु त्या दाखल्यावरून बाप्तिस्मा ऐच्छिक ठरवणे मला पटत नाही, कारण ज्याला खाली उतरून पाण्यापर्यंत चालत जाता येते त्याची स्थिती वधस्तंभावर खिळलेल्या माणसासारखी नसते.

कोणाला, आणि कसा

हे दोन प्रश्न लोक एकत्र करतात, पण ते इतिहासातही वेगवेगळे होते. २१ जानेवारी १५२५ रोजी झुरिकमध्ये कॉनराड ग्रेबेलने जॉर्ज ब्लाउरॉकला प्रौढपणी, त्याच्या कबुलीवरून बाप्तिस्मा दिला, आणि तेथून विश्वासणाऱ्यांच्या बाप्तिस्म्याची चळवळ युरोपात उभी राहिली. त्या सुरुवातीच्या दिवसांत बहुतेक पाणी ओतून बाप्तिस्मा दिला जात असे. त्यासाठी मोजावी लागलेली किंमत मात्र भयंकर होती. त्यांच्यातील फेलिक्स मान्झ याला ५ जानेवारी १५२७ रोजी लिमात नदीत बुडवून मारण्यात आले. इंग्रज बाप्टिस्टांमध्ये जॉन स्मिथने १६०९ मध्ये अॅमस्टरडॅमला विश्वासणाऱ्यांचा बाप्तिस्मा सुरू केला, परंतु पूर्ण बुडवून द्यावा हा नियम त्यांच्या विश्वासाच्या कबुलीजबाबात १६४४ मध्ये लंडनला लिहिला गेला. भारतात विल्यम केरीने २८ डिसेंबर १८०० रोजी बंगालमधील श्रीरामपूरला हुगळी नदीत कृष्ण पाल या सुताराला बाप्तिस्मा दिला, आणि त्याच दिवशी केरीचा स्वतःचा मुलगा फेलिक्सही त्याच पाण्यात उतरला. पाळकाच्या पोटी जन्मलेला मुलगाही स्वतःच्या विश्वासानेच बाप्तिस्मा घेतो, ही गोष्ट तेथे सर्वांसमोर दिसली.

आपल्या भागात दोन्ही परंपरा शेजारी शेजारी नांदतात. नागपुरात १८४५ मध्ये आलेले स्टीफन हिस्लॉप स्कॉटिश प्रेस्बिटेरियन परंपरेतील होते, आणि त्या परंपरेत विश्वासणाऱ्यांच्या बालकांनाही बाप्तिस्मा देतात. वऱ्हाडात अकोला आणि आसपास काम केलेल्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सच्या मंडळ्या विश्वासणाऱ्याला बुडवून बाप्तिस्मा देतात. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरलाच चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा तिच्यात अँग्लिकनांबरोबर बाप्टिस्ट आणि ब्रदरेनही सामील झाले. त्यामुळे त्या चर्चने बालबाप्तिस्मा आणि विश्वासणाऱ्याचा बाप्तिस्मा या दोन्ही पद्धतींना जागा दिली. बालबाप्तिस्मा मानणारे घराण्यांच्या बाप्तिस्म्यांकडे आणि कलस्सैकरांस पत्रात सुंतेशी घातलेल्या सांगडीकडे बोट दाखवतात. विश्वासणाऱ्याचा बाप्तिस्मा मानणारे म्हणतात की प्रेषितांच्या कृत्यांत आधी वचन ऐकणे, मग विश्वास आणि मग पाणी असाच क्रम सापडतो. मला दुसरे म्हणणे अधिक सरळ वाटते, म्हणून पुढील सर्व मार्गदर्शन त्याच भूमिकेतून लिहिले आहे.

या मतभेदातून गावात एक अडचण नेहमी उभी राहते. लहानपणी बाप्तिस्मा झालेला माणूस आपल्या मंडळीत येतो आणि पुन्हा बाप्तिस्मा मागतो. त्याचा पूर्वीचा बाप्तिस्मा खरा नव्हता असे त्याच्या आईवडिलांच्या मंडळीत जाऊन सांगणे आपले काम नाही. तो स्वतः वचन वाचून, विचार करून मागत असेल तर द्यावा. आपण आग्रह धरून घ्यायला लावू नये. आणि ज्याने स्वतःच्या कबुलीने एकदा बाप्तिस्मा घेतला आहे त्याला मंडळी बदलली म्हणून दुसऱ्यांदा पाण्यात उतरवणे तर मुळीच योग्य नाही.

शिक्षण: किती आणि किती काळ

प्रेषितांच्या कृत्यांत बाप्तिस्मे फार लवकर होतात. पेन्टेकॉस्टच्या दिवशी सुमारे तीन हजार माणसे मिळाली, कूशी षंढाने रथ थांबवून वाटेवरच्या पाण्यात बाप्तिस्मा घेतला, आणि फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याने तर रात्री त्याच घटकेस घेतला. मग आपण महिनोन्महिने का थांबवायचे, असे तरुण विश्वासणारे विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. पेन्टेकॉस्टचे लोक यहूदी धर्मशास्त्र जाणणारे होते आणि षंढ यशया वाचत बसला होता, हे त्याचे अर्धे उत्तर आहे. तुरुंगाधिकारी मात्र काहीच जाणत नव्हता, आणि तरी पौलाने त्याला व त्याच्या घरच्यांना आधी प्रभूचे वचन सांगितले, मगच बाप्तिस्मा दिला. म्हणजे काळ लांबवण्याला स्वतःचे असे मोल नाही. वचन समजणे गरजेचे आहे.

आमच्याकडे साधारण दोन ते तीन महिने, आठवड्यातून एक बैठक, असा काळ पुरतो. शेतीच्या कामाप्रमाणे तो मागेपुढे करावा. सोयाबीन सोंगणीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी थकून आलेल्या माणसाला दोन तास बसवून ठेवले तर तो मान हलवतो, पण त्याच्या डोक्यात काही शिरत नाही. देव कोण आहे, पाप आणि पश्चात्ताप म्हणजे काय, येशूचे मरण आणि पुनरुत्थान, कृपेने तारण, प्रार्थना, मंडळी, प्रभुभोजन आणि बाप्तिस्म्याचा अर्थ, एवढे विषय व्हायला हवेत. मार्काचे शुभवर्तमान बैठकींमधून पूर्ण वाचून घेतले तर निम्म्याहून अधिक काम त्यातच होते. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मोबाइलवर ऐकण्याची सोय करावी आणि ऐकलेली गोष्ट त्यांच्या शब्दांत परत सांगायला लावावी. पाठ केलेल्या उत्तरापेक्षा असे सांगणे अधिक विश्वासार्ह असते.

आजार बरा झाला म्हणून बाप्तिस्मा मागणारे आपल्या भागात पुष्कळ असतात. प्रार्थनेनंतर बरे वाटले याबद्दल देवाचे आभार मानावेत, पण बाप्तिस्मा हा नवस फेडण्याचा प्रकार नाही आणि तो घेतल्याने आजार परत येणार नाही असे वचन कोणीही देऊ नये. डॉक्टरांचे औषध चालू असेल तर ते चालूच राहील, हेही स्पष्ट सांगावे. अशा माणसाला एक प्रश्न जरूर विचारावा: आजार उद्या परत आला तर तुम्ही येशूला सोडाल का? उत्तर देताना तो अडखळला तर चिडू नये, आणखी काही आठवडे शिकवावे.

मुलाखत

शिक्षण संपल्यावर पाळकाने आणि एका वडिलाने उमेदवाराशी, घरचे कोणी सोबत नसताना, बोलावे. स्त्री उमेदवार असेल तर मंडळीतील एखादी प्रौढ बहीण सोबत असावी, पण नवरा, सासू किंवा ज्याने तिला मंडळीत आणले तो माणूस शक्यतो नसावा. प्रश्न थोडे असावेत. तुम्ही येशूवर विश्वास केव्हापासून ठेवता आणि का? तुमच्या जीवनात काय बदलले? कोणी तुम्हाला काही देण्याचे कबूल केले आहे का, किंवा कशाची भीती घातली आहे का? घरचे नाराज झाले तर काय कराल?

अशाच एका मुलाखतीत शेतमजुरी करणाऱ्या एका आजीबाईंना पाळकांनी विचारले, “आजी, मुलगा म्हणतो म्हणून तर घेत नाही ना?” आजींनी लुगड्याचा पदर सावरत उत्तर दिले, “मले वाचता नाही येत पाळकसाहेब, पन मी कोनाच्या सांगन्यावरून नाही आली. पोरगा तं मले आताच थांब म्हने.” कोणत्याही छापील प्रश्नपत्रिकेला मिळाले नसते इतके नेमके उत्तर या दोन वाक्यांत आहे.

उमेदवाराच्या जीवनात अजून दोष आहेत म्हणून त्याला थांबवायचे का, हा प्रश्न वडिलांमध्ये नेहमी निघतो. दारू सुटली नाही, रागावर ताबा नाही, अशी कारणे सांगितली जातात. पश्चात्ताप खरा आहे का आणि माणूस मदत स्वीकारायला तयार आहे का, एवढेच येथे पाहावे. पूर्ण सुधारलेल्यांनाच बाप्तिस्मा द्यायचा ठरवला तर मुलाखत घेणाऱ्या वडिलांपैकीही काहींना थांबावे लागेल. मात्र ज्या उत्तरातून दडपण, लालूच किंवा लग्न जुळवण्याची घाई दिसते, तेथे पाळकाने निःसंकोच थांबवावे.

घर आणि कायदा

नारायण वामन टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत नवा करार मिळाला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर लक्ष्मीबाईंची आणि त्यांची काही वर्षे ताटातूट झाली. पुढे लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. घरच्यांना बाहेरून बातमी कळणे किती दुखावणारे असते, हे त्या घराने सोसले. म्हणून उमेदवाराने जोडीदाराला, आईवडिलांना आणि शक्य असल्यास मोठ्या भावाला तोंडी, वेळ काढून, आधी सांगावे. पाळकाने सोबत जाण्याची तयारी ठेवावी, पण बोलणे उमेदवाराने करावे. नवरा-बायकोपैकी एकच तयार असेल तर दुसऱ्यावर दबाव न आणता वाट पाहावी. अठरा वर्षांखालील मुलामुलींना आईवडिलांच्या स्पष्ट संमतीशिवाय बाप्तिस्मा देऊ नये, आणि आईवडील ख्रिस्ती असले तरी मुलाची स्वतःची समज तपासावी.

संविधानाचा २५ वा अनुच्छेद सदसद्विवेकबुद्धीचे आणि धर्म पाळण्याचे, आचरण्याचे व प्रसाराचे स्वातंत्र्य देतो. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असा अर्थ लावला. माणूस स्वतःच्या विचाराने विश्वास ठेवतो, त्याला कोणी बदलत नाही, ही आपली शिकवण आणि कायद्याचा हा दंडक येथे एकमेकांना छेदत नाहीत. धर्मांतराविषयीचे कायदे राज्यागणिक वेगळे आहेत आणि ते बदलतात, म्हणून तारीख ठरवण्यापूर्वी आपल्या जिल्ह्यात त्या वेळी लागू असलेला नियम वकिलाकडून तपासून घ्यावा. मेळघाटातील किंवा गोंदियाच्या सीमेवरील मंडळ्यांनी विशेष लक्षात ठेवावे की मध्य प्रदेशच्या २०२१ च्या कायद्यात धर्मांतर करू इच्छिणाऱ्याने आणि विधी करणाऱ्यानेही ६० दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळवण्याची तरतूद आहे. पाणी जवळ आहे म्हणून सीमा ओलांडून तिकडे बाप्तिस्मा घेऊ नये.

एक गोष्ट सांगायला सेवक कचरतात, आणि तीच आधी सांगायला हवी. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख (१९५६ पासून) आणि बौद्ध (१९९० पासून) यांनाच मिळतो. ख्रिस्ती झालेल्याला तो राहत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बाप्तिस्मा झालेल्या आणि चर्चमध्ये नियमित जाणाऱ्या एका महिलेचा अनुसूचित जातीचा दाखला मिळवण्याचा दावा फेटाळला. अनुसूचित जमातींच्या आदेशात धर्माची अशी अट नाही. हिंदू विवाह कायद्याखाली जोडीदाराचे धर्मांतर हे घटस्फोटाचे एक कारण ठरू शकते, आणि हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २६ प्रमाणे धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांचा हिंदू नातलगांच्या वारशावरचा हक्क जातो. शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मुलाला किंवा भावांबरोबर सामाईक जमीन असलेल्या शेतकऱ्याला हे माहीत नसताना पाण्यात उतरवणे म्हणजे त्याच्या कबुलीतून त्याचाच विचार वजा करणे होय. दर्जा टिकवण्यासाठी कागदावर एक आणि मंडळीत दुसरे असे वागण्याचा सल्लाही देऊ नये. विचार करायला वेळ द्यावा, निर्णय त्याचा.

बाप्तिस्म्याच्या निमित्ताने धान्य, कपडे किंवा पैसे वाटू नयेत. दिवाळीत किंवा नाताळात गरिबांना देण्याची मंडळीची रीत असेल तर ती त्या दिवसापासून दूर ठेवावी. नाव बदलण्याची गरज नाही. विठ्ठल या नावाचा माणूस विठ्ठल या नावानेच बाप्तिस्मा घेऊ शकतो, आणि सातबारा, आधार, बँक यांचे हेलपाटेही वाचतात.

पाणी कुठे पाहावे

शालिमाजवळील एनोन येथे पाणी पुष्कळ होते म्हणून योहान तेथे बाप्तिस्मा देत होता, असे शुभवर्तमानात आहे. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये असे ठिकाण शोधावेच लागते. पहिल्या-दुसऱ्या शतकातील ‘दिदाखे’ या ख्रिस्ती शिकवणीच्या लेखात वाहते पाणी उत्तम, ते नसेल तर दुसरे, थंड नसेल तर कोमट, आणि तेवढेही नसेल तर डोक्यावर तीन वेळा ओतावे, असा क्रम सांगितला आहे. म्हणजे पाण्याची टंचाई पहिल्या मंडळ्यांनाही ठाऊक होती.

नदीसाठी दिवाळीनंतरचे महिने चांगले. पावसाळ्यात वर्धा, वैनगंगा, पैनगंगा यांच्या पात्रात कोणालाही उतरवू नये, आणि धरणाच्या खालच्या बाजूस असाल तर दरवाजे उघडणार नाहीत ना याची पाटबंधारे विभागाच्या कार्यालयात आदल्या दिवशी चौकशी करावी. उन्हाळ्यात राहिलेले डोह वरून शांत दिसतात, पण रेती उपशामुळे पात्रात खोल खड्डे पडलेले असतात. एक पाऊल कमरेएवढ्या पाण्यात आणि दुसरे पुरुषभर पाण्यात, असे होते. म्हणून आदल्या दिवशी पोहता येणाऱ्या दोघांनी काठीने तळ तपासून चारही बाजूंना खुणेचे बांबू रोवावेत. काळ्या मातीचा काठ ओला झाला की फार निसरडा होतो. उतरण्याच्या वाटेवर तुराट्या किंवा पोती अंथरावीत.

भंडारा-गोंदियाकडचे मालगुजारी तलाव सोयीचे असतात, पण त्यांत मासेमारीचा हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. त्यांना आणि ग्रामपंचायतीला विचारून घ्यावे. गावाच्या पिण्याच्या पाण्याचा स्रोत वापरू नये. विहिरीत बाप्तिस्मा देऊ नये. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्याकडे तर बघूही नये, कारण त्याच्या उतारावर पाय ठरत नाही आणि पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. अशा शेततळ्यांत माणसे बुडतात.

यापैकी काहीच नसेल तर अंगणात किंवा शेतात खड्डा खणून जाड ताडपत्री अंथरावी. सात फूट लांब, चार फूट रुंद आणि साडेतीन फूट खोल खड्ड्यात तीन फूट पाणी भरायला सुमारे २,४०० लिटर लागते, म्हणजे पाच हजार लिटरच्या टँकरचे अर्धे. एका बाजूला वाळूच्या पोत्यांच्या पायऱ्या कराव्यात. खारपाणपट्ट्यातील मंडळीने खाऱ्या पाण्याची चिंता करू नये. डोळे थोडे चुरचुरतील एवढेच. पाणी मोटारीने भरत असाल तर कोणी उतरण्यापूर्वी मोटार आणि मुख्य स्विच बंद करून वायर बाजूला काढावी, आणि पाण्यात उभे राहून वायरचा माइक हातात घेऊ नये. बाप्तिस्मा झाल्यावर उरलेले पाणी झाडांना सोडावे.

प्रकृतीची विचारपूस

फिट, हृदयविकार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, फाटलेला कानाचा पडदा आणि गर्भारपण यांची चौकशी खाजगीत करावी. विदर्भात आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा: सिकलसेल आहे का? गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या भागांत हा आजार पुष्कळ घरांत आहे, आणि थंड पाण्याने अंग गारठले की त्याच्या रुग्णाला तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. डिसेंबरच्या पहाटे नदीवर नेण्याऐवजी अशा माणसाला दुपारी, उन्हात, कोमट पाण्याच्या टाक्यात बाप्तिस्मा द्यावा, आधी भरपूर पाणी प्यायला द्यावे आणि बाहेर येताच अंग कोरडे करून उबदार कपडे घालावेत. अंथरुणाला खिळलेल्याच्या बाबतीत पाणी ओतून बाप्तिस्मा द्यावा की नाही यावर मंडळ्यांची मते वेगळी आहेत. मी देण्याच्या बाजूचा आहे.

प्रत्यक्ष पाण्यात

कपडे गडद रंगाचे, जाड सुती असावेत. पांढरा कपडा भिजल्यावर अंगाला चिकटून पारदर्शक होतो, आणि साडी पाण्यात फुगून पायात गुंतते; म्हणून बहिणींनी सलवार-कुडता घालावा आणि ओढणी पिनने दोन्ही बाजूंना लावावी. नऊवारीची सवय असलेल्या म्हाताऱ्या बायांनी कासोटा घट्ट घालून तीच नेसली तरी चालते. कपडे बदलण्यासाठी स्त्री-पुरुषांचे वेगळे आडोसे आधी बांधून ठेवावेत. ऐन वेळी चार बायकांनी चादर धरून उभे राहणे कोणालाच बरे वाटत नाही.

काठावर गीत, वचनाचे वाचन आणि छोटी प्रार्थना व्हावी. मग उमेदवाराने आपली साक्ष स्वतःच्या बोलीत, दोन-तीन मिनिटे द्यावी. पाळकाने सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारावे: येशू ख्रिस्त हा देवाचा पुत्र व तुमचा तारणारा आहे असा तुमचा विश्वास आहे का? तुम्ही पापापासून फिरला आहात का? हा निर्णय तुम्ही स्वतःच्या इच्छेने घेत आहात का? प्रत्येक प्रश्नाचे उत्तर त्याने तोंडाने द्यावे.

पाणी कमरेच्या थोडे वर असावे. पाळक उमेदवाराच्या बाजूला उभा राहतो आणि दुसऱ्या बाजूला एक मदतनीस असतो. वाहत्या पाण्यात उमेदवाराचे तोंड प्रवाह जातो त्या दिशेला ठेवावे, म्हणजे मागे झुकताना त्याचे डोके प्रवाहाच्या वरच्या बाजूला जाते, पाणी नाकात घुसत नाही आणि उठताना प्रवाहच पाठीला आधार देतो. उलट उभे केले तर माणूस ठसकत वर येतो. उमेदवाराने एका हाताने रुमालाने नाक धरावे आणि दुसऱ्या हाताने त्या हाताचे मनगट. पाळकाने एक हात त्याच्या मानेखाली, दोन खांद्यांच्या मध्ये, आणि दुसरा त्याच्या जोडलेल्या हातांवर ठेवावा.

मग नाव घेऊन म्हणावे, “तुमच्या विश्वासाच्या कबुलीवरून मी तुम्हाला पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो.” वाक्य संपल्यावरच झुकवावे, नाहीतर अर्धे शब्द पाण्यात जातात. उमेदवाराला आधी सांगून ठेवावे की अंग ताठ करायचे नाही, खाटेवर मागे टेकल्यासारखे गुडघे वाकवून सैल सोडायचे. ताठ माणूस दुप्पट जड होतो आणि त्याचे पाय वर येतात. पूर्ण पाण्याखाली गेला की लगेच उचलावे. तेथे धरून ठेवण्यात काही अर्थ नाही. ही कृती आदल्या दिवशी कोरड्या जमिनीवर एकदा करून पाहावी. पाण्याला भिणाऱ्यासाठी ती फार उपयोगी पडते. ज्याला मागे झुकणे जमत नाही त्याला गुडघ्यांवर बसवून पुढे वाकवले तरी बाप्तिस्मा पूर्णच असतो.

वर आल्यावर मदतनिसाने हात धरून काठापर्यंत न्यावे. पाळकाने पाण्यातून बाहेर पडण्याची घाई करू नये, पुढच्या उमेदवाराची वाट तेथेच पाहावी. मुले पाण्याजवळ जाणार नाहीत यासाठी एका माणसाला फक्त तेवढेच काम द्यावे. फोटो काढायचे असतील तर उमेदवाराला विचारून, आणि व्हॉट्सअॅपच्या गटांवर तर त्याने स्वतः टाकल्याशिवाय टाकू नयेत. ओल्या कपड्यांतील बहिणींचे फोटो मुळीच काढू नयेत.

नोंद आणि पुढचे दिवस

बाप्तिस्मा कोणी दिला याला मंडळीत फार महत्त्व येऊ देऊ नये. पौलाने करिंथकरांना लिहिले की आपण तुमच्यातील थोड्यांनाच बाप्तिस्मा दिला याबद्दल तो देवाचे आभार मानतो, कारण त्यामुळे आपला बाप्तिस्मा पौलाच्या नावाने झाला असे कोणी म्हणू शकत नाही. पाळक येऊ शकत नसेल तर मंडळीने नेमलेल्या वडिलाने द्यावा की नाही, हे ज्या त्या चर्चच्या घटनेप्रमाणे ठरवावे.

त्याच दिवशी नोंदवहीत तारीख, ठिकाण, पूर्ण नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, गाव, तालुका, जन्मतारीख, बाप्तिस्मा देणाऱ्याचे नाव आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. उमेदवाराने स्वेच्छेने निर्णय घेतल्याचे मराठीत लिहिलेले निवेदन, त्याच्या सहीने किंवा अंगठ्याने, सोबत जोडावे. अंगठा देणाऱ्याला ते आधी मोठ्याने वाचून दाखवावे. दाखल्याची एक प्रत त्याला आणि एक मंडळीत. पुढे लग्न लावताना किंवा दुसऱ्या गावच्या मंडळीत जाताना हाच कागद मागतात, आणि वीस वर्षांनी तो शोधणाऱ्यांचे हाल पाहिले की नोंदवहीची किंमत कळते.

बऱ्याच मंडळ्यांत त्याच रविवारी किंवा पुढच्या रविवारी प्रभुभोजनात नव्या सभासदाला पहिल्यांदा सहभागी करतात. त्यानंतरचे तीन-चार महिने नाजूक असतात. पोळ्याला घरचे रुसतात, लग्नकार्यात कोणी बोलावत नाही, कोणी मुद्दाम प्रसाद हातात ठेवते. अशा वेळी काय करावे याचे एकच ठरलेले उत्तर देता येत नाही, पण आईवडिलांच्या पाया पडणे, शेतात भावाला हात देणे, बहिणीच्या लग्नाचा खर्च उचलणे यांतले काहीही सोडण्याची गरज नाही, हे त्याला ठामपणे सांगावे. मंडळीतील एका कुटुंबाने त्याच्याकडे दर आठवड्याला जावे आणि त्याने त्यांच्याकडे यावे. शिक्षणाच्या बैठकीतला एखादा विषय तेव्हा घाईत झाला असेल तर तो आता पुन्हा घ्यावा. बाप्तिस्म्यानंतर लोक अधिक मोकळेपणाने प्रश्न विचारतात.